तीन आण्यांचे एकोणीस नये पैसे

भुसावळच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला अकरा कथा वाचायला पाठवल्या. सोबत दोन पानी पत्र. वडील लोको शेडमध्ये खलाशी, स्वतःचा जन्म १९४९ चा, बालपण रेल्वेच्या चाळीत, पुढे बँकेत नोकरी. दोन दिवाळी अंकांकडून कथा परत आल्या आणि एका संपादकाने कळवलं, "आठवणी छान आहेत, पण या कथा नाहीत." त्यांचे प्रश्न तीन. आठवणीची कथा होते कशी? संवाद आपल्या बोलीत लिहावेत की शाळेतल्या मराठीत? आणि ज्यांच्यावर लिहायचं त्यांची मुलं-नातवंडं अजून गावात आहेत, त्यांचं काय करायचं? मी चाळीसेक वर्षं कथा लिहितो आहे आणि त्याहून किती तरी जास्त दुसऱ्यांच्या वाचल्या आहेत. त्यांना लिहिलेलं उत्तर असं.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अकराही कथा वाचल्या. संपादकाचं म्हणणं कडू आहे, पण चूक नाही. तुमच्या कोळशाच्या कथेतला दहा वर्षांचा मुलगा शेडबाहेरच्या राखेच्या ढिगावर अर्धे जळालेले कोळसे वेचतो. पहिल्या पानावर तुम्ही लिहिता, "ते दिवस फार हलाखीचे होते." दुसऱ्या पानावर, "गरिबी माणसाला खूप शिकवते." तिसऱ्या पानावर आईचे डोळे पाणावतात. या तीन पानांत तो मुलगा एकही कोळसा उचलत नाही. मग चौथ्या पानावर, बहुधा तुमच्या नकळत, एक वाक्य येतं: खंगर हाताला जड लागतो, काचेसारखा चमकतो, तो चुलीत घालून उपयोग नाही, जळणारा कोळसा हलका, आणि बोटाला काळं लावतो. तिथे मी थांबलो आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या मुलाला काय येतं हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. तोवर त्याची कीव करण्यापलीकडे मला काही काम नव्हतं.

माझं सगळं म्हणणं याच ठिकाणी येऊन थांबतं. कष्टकऱ्याच्या पोराला आपण गरीब आहोत हे दिवसभर आठवत नसतं. त्याला काम असतं. डबा पोचवायचा, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, धाकट्याला कडेवर घ्यायचं, सरकी आणायची, म्हशीला पाण्यावर न्यायचं. त्या कामाची त्याला एक विद्या असते आणि त्या कामाच्या आड त्याला स्वतःसाठी काहीतरी बारीकसं हवं असतं. काम आणि हवं असलेलं एकमेकांना आडवं गेलं की कथा सुरू होते. गरिबी हे झालं त्यामागचं हवामान. शेतकरी पावसाबद्दल बोलतो तेवढंच तिच्याबद्दल बोलावं, उगाच नाही.

माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणपणा शिकवतोय असं वाटणार नाही.

माझे वडील मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. तुम्हाला ठाऊकच आहे, जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव, आपल्याकडे कापूस पिकणाऱ्या पट्ट्यात ठिकठिकाणी मिल होत्या आणि त्या त्या गावाचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. १९५७ च्या १ एप्रिलला नवं नाणं आलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नये पैसे झाले. आता सोळा काही शंभराला सरळ भागत नाही. त्यामुळे सरकारने कोष्टक काढलं: एका आण्याला सहा नये पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. दुकानादुकानांत हे कोष्टक चिकटवलेलं असे. मोठी माणसं त्यावरून वाणीबुवांशी हुज्जत घालत. आम्ही पोरं मात्र ते पाढ्यासारखं पाठ करत होतो.

आई मला रोज तीन आण्यांचा गूळ आणायला पाठवायची. हातावर एकोणीस नये पैसे ठेवायची. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तीन आण्यांचा गूळ एका ठिकाणी घेतला तर एकोणीस लागतात, पण एकेक आण्याचा तीन दुकानांतून घेतला तर सहा त्रिक अठरा. एक नया पैसा उरतो! मला भोवरा हवा होता, लाखेचे पट्टे असलेला, किंमत चार आणे. पंचवीस दिवस तीन दुकानं हिंडायची की झालं.

ही माझी आठवण. पुढे प्रत्यक्षात घडलं ते इतकंच: आठव्या की नवव्या दिवशी गुळाच्या तीन पुड्या पाहून आईने विचारलं, मी सांगून टाकलं, तिने एक थोबाडीत दिली आणि विषय संपला. भोवरा काही मिळाला नाही.

या आठवणीची कथा मी चार वेळा लिहिली. पहिल्या खेपेला मी शेवटी लिहिलं होतं की आज खिशात नोटा आहेत, पण त्या एका नया पैशाची सर नाही. ते वाचून माझ्या एका मित्राने, तो पाचोऱ्याला शिक्षक होता, विचारलं, "मग भोवरा घे ना आता, कोणी धरलंय?" मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्या खेपेला मी आईला फार थोर केलं. ती थोबाडीत मारते आणि मग रात्री मला कुशीत घेऊन रडते. खोटं. माझी आई रात्री कुणाला कुशीत घेऊन रडायला रिकामी नव्हती. ती दुसऱ्या दिवसाची ज्वारी निवडत असायची. तिसऱ्या खेपेला मी मुलाला काम दिलं: गूळ आणून झाला की अकराच्या सुट्टीत वडिलांना डबा पोचवायचा आहे, तीन दुकानं हिंडल्यामुळे उशीर होतो, मिलच्या दरवाजावरचा पहारेकरी बाहेरूनच हाकलतो. कथा हलू लागली. पण शेवट सापडेना.

चौथ्या खेपेला थोबाडीत काढून टाकली. त्या जागी असं लिहिलं: एका सकाळी मुलगा हात पुढे करतो, आणि आई नेहमीच्या सवयीने पैसे मोजून हातावर ठेवते. मुलगा दुकानाकडे जाता जाता मोजतो. अठरा आहेत.

बस. आईने काही विचारलेलं नाही, मुलाने काही सांगितलेलं नाही. आईला कोष्टक कळलेलं आहे, मुलाचं गुपित कळलेलं आहे, आणि तिनेही तो एक नया पैसा आपल्याकडे वळवला आहे. आता मुलाला तीन दुकानं तर हिंडावीच लागणार आणि हाती काही उरणार नाही. हे घडलं नव्हतं. पण माझ्या आईचं हुशार असणं, तिचं काटकसरी असणं, तिचं न बोलणं, हे सगळं त्या अठरात आलं. प्रत्यक्षातल्या थोबाडीत ते नव्हतं. आठवण काय झालं ते सांगते. कथेसाठी तेच माणूस त्याच अडचणीत आणखी काय करू शकलं असतं, हे शोधावं लागतं. तुमच्या अकरा कथांत तुम्ही कुठेही हे धाडस केलेलं नाही. घडलं तसंच लिहिण्याचा तुमचा हट्ट मला बँकेच्या खातेवहीची सवय वाटते. राग मानू नका.

खान्देशात बालपणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मागे साने गुरुजी उभे असतात, हेही मोकळेपणाने बोलायला हवं. १९२४ ते १९३० ते अमळनेरला शिक्षक होते आणि पुढेही इथल्या शेतकऱ्या-कामगारांसाठी झिजले. आपल्या घराघरांत त्यांचं नाव आहे. त्यांच्या लिहिण्यातलं रडणं त्यांचं स्वतःचं होतं, त्याच्यामागे एक आयुष्य होतं. आपण ते रडणं उसनं आणतो आणि मिलच्या चाळीतल्या बाईच्या डोळ्यांत घालतो. तुमच्या अकरापैकी सात कथांत आईचे डोळे पाणावतात, मी मोजलं. चाळीतल्या बाया रडत नव्हत्या असं नाही. पण त्या नळावर भांडत, शिव्या देत, हसून लोळत, कानबाईच्या सणाच्या रोटाला उधारीवर गहू आणत आणि ती उधारी चार महिने टोलवत. ती टोलवाटोलवी लिहा.

आता काळाचा हिशेब. जुन्या काळावर लिहिणारा लेखक इथे सगळ्यात जास्त घसरतो.

तुमच्या एका कथेत १९४४ साली मुलाला "पाच पैशांचं नाणं" मिळतं. ते नाणं तेव्हा नव्हतंच. त्या वर्षी त्याच्या हातात मधोमध भोक असलेला पैसा असणार. १९४३ ते १९४७ या काळातला तो भोकाचा पैसा पोरं सुतळीत ओवून कंबरेला बांधत. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार. आणि "नये पैसे" हा शब्दही १९५७ ते १९६४ एवढाच; त्यानंतर "नये" गळून नुसते पैसे राहिले. तुमची कथा १९६१ ची असेल तर दुकानदार "पंचवीस नये पैसे" म्हणेल आणि म्हातारी "पावली" म्हणेल, दोघंही एकाच नाण्याबद्दल. या दोन शब्दांत दोन पिढ्या उभ्या राहतात, वर्णन करावं लागत नाही.

वयाचंही तसंच. आजोबांच्या बालपणावरची तुमची जी कथा आहे, जिच्यात आठ वर्षांचा मुलगा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात कामाला लागतो, तिला तुम्ही सालच घातलेलं नाही. पण साल महत्त्वाचं आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, म्हणजे आठ वर्षांचा मुलगा रीतसर नऊ तास राबू शकत होता. १८९१ ला ती मर्यादा नऊ वर्षांवर आली आणि तास सात झाले. १९२२ ला बारा वर्षं, सहा तास. १९४८ च्या कायद्याने चौदा. तुमच्या आजोबांची गोष्ट १९२५ ची असेल, तर तो आठ वर्षांचा मुलगा कायद्याबाहेर आहे आणि कुणीतरी त्याचं वय चोरलेलं आहे. मग कथा तिथे आहे! वय ठरवायला डॉक्टरचा दाखला लागायचा. बारा वर्षांचा दिसण्यासाठी टाचा उचलून उभा असलेला आठ वर्षांचा पोर, त्याला आतून ढोसणारा मुकादम, दाखल्यावर सही करण्यापूर्वी मुलाच्या दातांकडे बघणारा डॉक्टर. तुम्ही हा सगळा प्रसंग "लहान वयातच कामाला जुंपले गेले" या पाच शब्दांत उरकलात.

कामाच्या विद्येवर थोडं जास्त बोलतो, कारण माझ्या मते सगळा जीव त्यात आहे.

साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यांचा खडखडाट इतका असायचा की माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. माझे वडील घरी आले की ओरडूनच बोलायचे. शेजाऱ्यांना वाटे भांडण चाललंय. आम्हाला ते ओरडणं म्हणजे वडील घरी असणं. वडील एकदा आजारी पडून घरी राहिले आणि हळू बोलू लागले, तेव्हा मी घाबरलो. ही गोष्ट मी "आवाजाने त्यांचे कान गेले होते" असं लिहून वाया घालवली होती. कान गेल्याचं मुलाला काय ठाऊक? त्याला ओरडणं ठाऊक आहे.

आणि एक. धोट्याच्या भोकातून सुताचं टोक बाहेर काढायचं तर ते तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. मुंबईच्या गिरण्यांत याच कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात घेत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. तुमच्या गावात, तुमच्या वडिलांच्या खात्यात काय रीत होती, हे अजून हयात असलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला बसून विचारा. "कष्टकरी" हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण चाळीतला नळ एका दमात चालत नव्हता. तुमच्या अकराही कथांत कोणाचा नळ कुठला हे एकदाही येत नाही. तुम्हाला ते दिसलं नसेल तर तेही लिहिण्यासारखं आहे: कोणत्या पोराला ते दिसत नव्हतं आणि का.

मिल आणि रेल्वे सोडून जरा बाहेरही बघा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या असतात, लाल मिरची उन्हात पसरलेली, नजर पोचते तिथवर. देठ खुडायला बाया बसतात आणि त्यांची पोरं सोबत असतात. त्या पोरांना एक नियम आईच्या दुधाबरोबर मिळतो: हात डोळ्याला लावायचा नाही. म्हणजे रडू आलं तरी डोळे पुसायचे नाहीत. ज्याला कथा लिहिता येते त्याला मी यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नाही.

सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याच्या, घरातल्या पोराचं वर्ष आखाजीपासून, अक्षय तृतीयेपासून, सुरू व्हायचं. गावात पोरी झोक्यावर गाणी म्हणतायत, पुरुष पत्ते कुटतायत, आणि ओट्यावर बापाचं साल ठरतंय: किती पोती दादर ज्वारी, किती रोख, एक धोतरजोडी, एक चपलांचा जोड. पोर त्या बोलण्यात कान देऊन उभं असतं, कारण साल कुठल्या मळ्यात ठरलं यावर त्याला पुढचं वर्षभर कुठली विहीर पोहायला मिळणार हे अवलंबून असतं. बापाची चिंता धान्याची, पोराची विहिरीची. दोघंही आपापल्या जागी खरे. तुम्ही मोठ्यांची चिंता मुलाच्या डोक्यात घालता, म्हणून तुमची मुलं अवेळी म्हातारी झालेली आहेत.

१९७२ च्या दुष्काळावर तर आपल्याकडे शेकड्याने कथा लिहिल्या गेल्या. खडी फोडणं, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्यात नवं काही असेल तरच जा. माझ्या वाचनात आलेली त्यातली बरीच नुसती कोरड्या विहिरींची यादी आहे.

भाषेचा प्रश्न. तुम्ही भुसावळचे, म्हणजे तुमची बोली तावडी-लेवा वळणाची, "मले", "तुले", "काबरं". माझी अहिराणी, "माले", "तुले", "कथा जाय रायना". चार तालुके ओलांडले की क्रियापद बदलतं, आणि बाहेरचा संपादक दोन्हींना "खान्देशी" म्हणून एकाच पोत्यात भरतो. तुम्ही तसं करू नका. तुमच्या एका कथेत पाडळशाचा माणूस "बाप उना का रे?" म्हणतो. ते आमच्याकडचं झालं. कुठून तरी वाचून घातलंय ना?

शिवाय भुसावळची रेल्वे वसाहत म्हणजे एका बोलीचं गाव नव्हेच. गोव्याचे, तामिळ, उत्तरेकडचे, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, आसपासच्या खेड्यांतले खलाशी. तुमच्यासारखा पोर घरात एक बोलत असणार, मैदानावर हिंदी, बंगल्याच्या फाटकाशी चार इंग्रजी शब्द आणि शाळेत गुरुजींपुढे पुस्तकातलं. मुलगा कुणापुढे कुठली भाषा काढतो यावरून त्याची भीती कळते. हा खजिना तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आमच्या चाळीत सगळे ओरडून अहिराणीच बोलत.

व्यवहाराचं सांगायचं तर निवेदन तुमच्या रोजच्या मराठीत ठेवा आणि संवाद बोलीत, पण आखूड. बोलीतलं लांब भाषण वाचकाला दमवतं आणि कष्टकरी माणूस लांब भाषण करतही नाही. शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका. "कळण्याची भाकरी" लिहिलंत आणि ती खाताना मुलाच्या दाताखाली उडदाचा कण आला, तर पुण्याच्या वाचकालाही कळेल ती कशाची. नाही कळलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. आपण नाही का त्यांचे पदार्थ न कळता वाचत आलो?

एक बारीक सूचना. मुलाने वडिलांना "बाबा" म्हणणं हे बऱ्याच घरांत नंतर आलं. आमच्याकडे कुणी बापाला आप्पा म्हणे, कुणी नाना, कुणी भाऊ, कारण घरात काका जे म्हणत तेच पोर उचलत असे. माझ्या एका मित्राने वडिलांना जन्मभर "भाऊ" म्हटलं आणि आईला "वहिनी". तुमच्या घरात काय होतं ते लिहा. "बाबा" वाचलं की मला दूरदर्शनवरची मालिका दिसते.

तिसरा प्रश्न, खऱ्या माणसांचा. याचं उत्तर मला महागात पडलं आहे. तरुणपणी एका कथेत मी आमच्या चाळीतला एक सावकारी करणारा माणूस जसाच्या तसा घातला. नाव बदललं, पण लंगडी चाल, पितळी अडकित्ता आणि कुत्र्याचं नाव तेच ठेवलं. अंक निघाल्यावर दोन महिन्यांनी त्याची मुलगी माझ्या घरी आली. भांडली नाही. चहा घेतला आणि म्हणाली, "आमच्या बापाने तुमच्या आईचं मंगळसूत्र व्याज न घेता परत केलं होतं, ते तुम्ही लिहिलं नाही." मला ते माहीतच नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "हो, दिलं होतं." एवढंच. तिने मला ते वीस वर्षं सांगितलं नव्हतं, कारण गहाण टाकल्याचंच कुणाला सांगायचं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. खऱ्या माणसाचं कुठलंही एकच लक्षण घेतो, बाकी दोन-तीन माणसांतून गोळा करतो. आणि ज्याच्यावर राग आहे त्याला कथेत किमान एक काम असं करू देतो की ज्याने माझी पंचाईत होईल. हे उदारपणाने नाही करत. राग एकसुरी असतो आणि कथा पडते. तुमच्या "हेडमास्तर" कथेतला माणूस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत छडीच मारतो. साठ वर्षं झाली, अजून तुमचा हात दुखतोय हे मला कळलं. त्याच्याबद्दल काहीच कळलं नाही. तो शाळा सुटल्यावर कुठे जायचा?

आता तुमच्या सगळ्यात चांगल्या कथेबद्दल. ती सातवी. कॉलबॉयची.

तुमचा थोरला भाऊ सोळाव्या वर्षी शेडमध्ये कॉलबॉय म्हणून लागतो. आजच्या वाचकाला हे काम ठाऊक नाही आणि तुम्ही ते सुरेख उभं केलंय: रात्री-अपरात्री कंदील आणि कॉल बुक घेऊन ड्रायव्हर-फायरमनच्या घरी जायचं, दार वाजवून उठवायचं, कोणती गाडी ते सांगायचं, वहीत सही घ्यायची. सही मिळाली की आपलं काम झालं. नंतर तो माणूस पुन्हा झोपला तर दोष त्याचा. एका थंडीच्या रात्री भावाला ताप आहे, म्हणून अकरा वर्षांचे तुम्ही कंदील घेऊन जाता. बंगल्याच्या अंगणात कुत्रा. दार उघडतं, ड्रायव्हर झोपेत सही करतो आणि तुमच्याकडे न बघता म्हणतो, "ठीक है, जाओ." त्याने तुम्हाला ओळखलंच नाही, कंदिलामागे कोण आहे हे त्याच्या दृष्टीने सारखंच आहे. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग तुम्ही मागे वळून मुलाच्या तोंडी एक परिच्छेद घालता, की मोठ्यांच्या जगात लहान माणसाला चेहरा नसतो. आणि त्याखाली दुसरा परिच्छेद, की आज भाऊ नाही, शेडमध्ये वाफेची इंजिनंही नाहीत. हे दोन्ही परिच्छेद काढा. त्याऐवजी मला एक सांगा, कारण कथेत ते सुटलंय. सही घेतल्यावर तुम्ही शेडमध्ये परत जाता, वही जमा करता आणि घरी येता. भाऊ तापात पडलाय. त्याने विचारलं असेलच, कुणाकुणाला उठवलंस, कोण काय म्हणालं. तुम्ही त्याला काय सांगितलंत? "ठीक है, जाओ" हे जसंच्या तसं सांगितलंत, की ड्रायव्हरने तुमचं नाव विचारलं अशी थाप मारलीत?

मला वाटतं तुम्ही थाप मारली असणार. नसेल मारली तर आता मारा. आणि भावाला ती थाप ओळखता आली असेल, कारण तो रोज त्याच दारावर जात होता. तो काय म्हणाला ते एका ओळीत लिहा आणि मला पाठवा. बाकीच्या दहा कथा सध्या कपाटात राहू द्या.

तुमचा.